शेऱ्यांचा रकाना

पिंप्राळा, जळगाव
१२ ऑगस्ट २०२४

चि. दिपमाला हिस शालिग्राम नानाचा आशीर्वाद.

पाकिटाच्या डिंकावर मी आडवी सही केली होती. ती शाबूत होती का, हे आधी कळव, मग पुढचं वाच.

फोन सोडून पत्र का लिहितो म्हणून तू हसशील. फोनवर बोललो की आमच्या सूनबाई, डिंपल, स्वयंपाकघरातून ऐकतात आणि मध्येच उत्तरही देतात. व्हॉट्सअॅपवर सकाळी लिहिलेलं दुपारी रिक्षा स्टँडवर ऐकायला मिळतं. कागद निदान फाडता येतो.

काम असं आहे. आपल्या समाजाची वधू-वर सूची मी सव्वीस वर्षं सांभाळतो, हे तुला ठाऊक आहेच. पाइपच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो तेव्हापासून. दर मेळाव्याला आपण पुस्तक छापतो. नाव, शिक्षण, उंची, मामाचं गाव आणि वडिलांचा फोन. मुलीचा फोन नाही. पण पुस्तकात छापत नाही ते माझ्या वहीत असतं. मुलगी बघायला गाडी काढण्याआधी माणसं मला विचारतात, "नाना, स्थळ कसं?" मी कपाट उघडतो, वही पाहतो आणि म्हणतो, "डोळे झाकून जा," किंवा म्हणतो, "सबुरीने घ्या." बस. का ते सांगत नाही. चारशे घरांनी आपल्या घरातलं मला सांगितलं आहे आणि त्यातला एक शब्द आजवर वहीबाहेर गेलेला नाही. निवृत्त माणसाजवळ दुसरं काय असतं, एवढा विश्वासच.

आता समितीला सूची वेबसाइटवर हवी. दोघे जण पुढे आलेत. योगराज, ज्याचं बसस्टँडजवळ संगणकाचं दुकान आहे, तो म्हणतो, एक लायब्ररी आहे, तिच्यात दिवाळीआधी करून देतो, फोटो कसे सरसर सरकतील बघा. दुसऱ्याचं नाव नवीन, आपल्या तोतारामचा मुलगा, इंजिनीअर. तो म्हणतो, लायब्ररी नको, पूर्ण फ्रेमवर्क घ्या, चार-पाच महिने लागतील.

मला या नवीनचा भरवसा वाटत नाही. एक तर तो फार हळू बोलतो. दुसरं, त्याच्या पद्धतीत एक 'ॲडमिन' असतो आणि त्याला सगळं दिसतं. तिसरं म्हणजे भर मिटिंगमध्ये मला म्हणाला, "नाना, पासवर्ड तुम्हालाही लागेल." माझ्या सूचीला मलाच कुलूप. आणि गेल्या वर्षी हाच मुलगा घरी येऊन वही मागत होता, म्हणे जीर्ण झाली, स्कॅन करून ठेवतो. मी चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तर एका वाक्यात सांग, लायब्ररी पुरते की नाही? समितीत वाचून दाखवायचं आहे.

तुझ्या आईला, कमलला सांग, गुडघ्याला तेल लावत जा. पत्र वाचून झालं की फाड.

तुझा नानामामा


देवपूर, धुळे
१८ ऑगस्ट २०२४

ती. नानामामा, नमस्कार.

सही शाबूत होती. आईने पाकीट दुसऱ्या बाजूने कात्रीने उघडलं आणि मला देण्याआधी वाचून घेतलं. तेव्हा सहीवर फार विसंबू नका.

तुमचा प्रश्न वाचून मजा वाटली. पुण्याच्या कंपनीत माझ्या टीमची याच प्रश्नावर महिन्यातून एकदा भांडणं होतात आणि धुळ्यात घरी बसून मी ती सोडवते. तुम्ही मात्र एका वाक्यात उत्तर मागता. आधी तुमच्या भाषेत सांगते.

लहानपणी सुट्टीत तुम्ही मला कारखान्यात न्यायचात, आठवतं? तुमच्या स्टोअरला जाळीची खिडकी होती. बाहेरून माणूस चिठ्ठी द्यायचा, तुम्ही ती उलटसुलट वाचायचात, सही ओळखायचात आणि आतून तेवढाच माल काढून द्यायचात. पूर्ण फ्रेमवर्क म्हणजे ते अख्खं स्टोअर. खिडकी, कुलूप, रजिस्टर आणि आत बसलेला तुमच्यासारखा खडूस माणूस, सगळं एकत्र मिळतं. पडद्यावर दाखवायची लायब्ररी म्हणजे बाहेरचा शोकेस. माल कसा मांडायचा, कसा फिरवायचा, ही तिची कला. चांगली वस्तू आहे, मी रोज तिच्यावरच पोट भरते. पण माल सांभाळणं हे तिचं काम नाही. त्यासाठी मागे दुसरं कोणीतरी बसवावं लागतं, आणि तुमच्या पत्रात योगराज असं कोणी बसवणार असल्याचं दिसत नाही.

म्हणून तुमचं एक वाक्य असं: पुस्तकात छापता तेवढीच माहिती साइटला देणार असाल तर लायब्ररी पुरते, त्याहून एक अक्षर जास्त देणार असाल तर पुरत नाही.

आता तुम्ही मला सांगा, साइटला नेमकी कोणती माहिती देणार आहात?

नवीनला मी ओळखत नाही. पण जो तुमच्याकडेसुद्धा पासवर्ड मागतो त्याच्यावर मी जरा कमी संशय घेईन. चोर असता तर म्हणाला असता, नाना, तुम्हाला कसला पासवर्ड, तुम्ही घरचेच.

आई म्हणते, सूचीत माझं नाव अजून आहे. नऊ वर्षांपूर्वी साखरपुडा मोडला त्यानंतर एकही स्थळ उंबऱ्यापर्यंत आलं नाही, याचं तिला फार लागतं. चौकशी होते, येतो म्हणतात आणि मग गप्प. मी तिला सांगते की मलाच वेळ नाही. खरं सांगायचं तर पहिली दोन-तीन वर्षं मलाही लागलं होतं. असो. कधीतरी तुमच्या वहीत माझ्यापुढे काय लिहिलंय ते दाखवा.

दिपमाला


पिंप्राळा
३० ऑगस्ट २०२४

चि. दिपमाला, खुशाल असशील.

काम फत्ते झालं. मिटिंगमध्ये मी तुझं पत्र वर धरून वाचलं, "लायब्ररी पुरते." मागचं-पुढचं लांब होतं आणि समितीतल्या सुकदेवरावांना डुलकी लागत होती, म्हणून तेवढ्यावर थांबलो. माझी भाची पुण्याच्या कंपनीत आहे म्हटल्यावर कोणी हरकत घेतली नाही. योगराजला काम दिलं. त्याने तिथल्या तिथे संगणकावर दोन नावं टाकून दाखवली. फोटोवर बोट ठेवलं की पान उलटतं. बायका खूश झाल्या.

नवीनचा चेहरा पाहण्यासारखा होता. मिटिंग संपल्यावर तो माझ्यामागे जिन्यापर्यंत आला आणि हातात बंद पाकीट दिलं. "नाना, हे एकटे असताना वाचा," म्हणाला. सगळ्यांसमोर बोलता येत नाही असं काय असतं? मी ते फोडलेलं नाही. तारीख टाकून कपाटात ठेवलं आहे. उद्या काही झालं तर न फोडलेलं पाकीट हा पुरावा ठरतो. स्टोअरमध्ये मी असाच एक चोर पकडला होता.

तू विचारलंस, कोणती माहिती. माहिती नेहमीचीच. गेल्या हिवाळ्यात सगळी वही मी दोन बोटांनी संगणकात उतरवली, तीच फाइल. पेन ड्राइव्ह दुसऱ्याच्या हाती न देता मी स्वतः योगराजच्या दुकानात गेलो आणि तासभर त्याच्या मागे उभा राहिलो. शेऱ्यांचा रकाना लाल करून नेला होता. त्याला बजावलं की हा दिसता कामा नये. त्याने माझ्यासमोर करून दाखवलं, रकाना गायब. मी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. कुठेही दिसला नाही.

वही मी कोणाला दाखवत नाही. तुलाही नाही. नातं आलं म्हणून सूट दिली तर मग नियम कशाला?

नानामामा


देवपूर, धुळे
७ सप्टेंबर २०२४

ती. नानामामा,

मी लिहिलेल्या वाक्याचा अर्धा भाग तुम्ही वाचला आणि दुसऱ्या अर्ध्यात खरं उत्तर होतं. याचा मला राग आला आहे, तो आधी नोंदवते.

लाल रकाना योगराजने काढून टाकला की झाकला? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साइट उघडली की फाइल उघडणाऱ्याच्या मशीनमध्ये जाऊन बसते. लायब्ररी त्यातलं काय दाखवायचं तेवढं ठरवते. म्हणजे माल अंगणात आणून ठेवला आणि त्यावर ताडपत्री टाकली, असं झालं. तुम्ही ताडपत्री दोनदा पाहिलीत.

योगराजला एवढंच विचारा, शेरे फाइलमध्ये आहेत का? हो म्हणाला तर ती फाइल आजच बदलायला लावा. मी दोनदा फोन केला, तुम्ही "पत्राने कळव" म्हणून ठेवून दिला. म्हणून हे पत्र. उद्यापासून कंपनीच्या कामासाठी मी दोन महिने पुण्याला आहे. उत्तर धुळ्याच्या पत्त्यावर पाठवलंत तरी आई वाचून सांगेल, ती वाचतेच.

आणि ते पाकीट फोडा.

दिपमाला


पिंप्राळा
२ डिसेंबर २०२४

चि. दिपमाला,

तुझ्या सप्टेंबरच्या पत्राला उत्तर दिलं नाही. कारण लिहितो, लपवत नाही. त्यात तू शब्दाला शब्द नवीनसारखं बोलत होतीस. मला वाटलं, त्याने तुलाही गाठलं. आता मनात काही ठेवण्याची वेळ नाही, म्हणून लिहितो आहे.

माझ्या वहीला कोणीतरी हात लावला.

जामनेरच्या पुष्पाबाई तुला आठवत असतील, कमलच्या वर्गातल्या. त्यांची मोहिनी. एम.एस्सी. झालेली, स्वभावाने मोकळी. तिचं शिरपूरकडे जमलं होतं, पुढच्या आठवड्यात साखरपुडा होता. गेल्या मंगळवारी मुलाकडून निरोप आला, नको. पुष्पाबाईंचे भाऊ विचारायला गेले तर मुलाच्या काकांनी तोंडावर सांगितलं, "क्षय झाला होता. सहा महिने औषध. आता बरी. आईने कोणास सांगू नका म्हटले."

दिपमाला, हे वाक्य माझं आहे. तीन वर्षांपूर्वी मी पेन्सिलने लिहिलेलं, जसंच्या तसं. पुष्पाबाईंनी ओसरीवर बसून हलक्या आवाजात सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. त्या दोघी आणि मी सोडून हे कोणालाही माहीत नव्हतं. मुलीच्या मामालासुद्धा नाही.

काल पुष्पाबाई एकट्या आल्या, जामनेरहून बसने. पायरीवरच उभ्या राहिल्या. डिंपलने पाणी आणलं, घेतलं नाही. म्हणाल्या, "नाना, हाई फक्त तुम्हलेच माहीत व्हतं. आते सारं गाव इचारस, मी कोणले काय सांगू?" मी वहीची शपथ घ्यायला गेलो. त्या म्हणाल्या, "वहीमुयेच तर घात व्हयना." आणि निघून गेल्या.

मी घरात कसून तपास केला. कपाटाची किल्ली माझ्या करगोट्याला असते. डिंपलला विचारलं तर ती दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. मुलाला विचारलं, त्याने ताट सारलं. उरतो कोण? वही मागायला आलेला, ॲडमिन व्हायला निघालेला, बंद पाकीट देणारा. दिवाळीच्या फराळाला तो तोतारामबरोबर घरी आला होता आणि मी पाच मिनिटं देवघरात गेलो होतो. तेवढ्यात मोबाइलने फोटो काढायला किती वेळ लागतो?

रविवारी समितीची मिटिंग आहे. नवीनला आणि तोतारामला समाजाच्या कामातून काढावं, असा अर्ज मी लिहून ठेवला आहे. तू फक्त एवढं कर, संगणकावरून तो कसा पकडता येईल ते सांग. साइटचा पत्ता खाली लिहिला आहे, लागला तर. माझ्याकडे अडुसष्ट वर्षांत कोणी असं पाठ फिरवून गेलं नव्हतं.

नानामामा


देवपूर, धुळे
५ डिसेंबर २०२४

ती. नानामामा,

हे पत्र कुरिअरने पाठवते आहे, म्हणजे रविवारच्या आत मिळेल. तो अर्ज समितीत देऊ नका.

चोर सापडला. मला दोन मिनिटं लागली. तुमची साइट उघडली, किबोर्डवर वरच्या ओळीतलं एक बटण दाबलं, साइटबरोबर आलेल्या फाइलींची यादी समोर आली, त्यातली एक उघडली. चारशे बारा नावं आणि प्रत्येकापुढे तुमचा शेरा. कपाट, किल्ली, करगोटा काही लागलं नाही. दिवाळीपासून ज्याने ज्याने तुमची सूची पाहिली त्या प्रत्येकाच्या मशीनमध्ये तुमची वही गेली आहे. बहुतेकांना ती तिथे आहे हे ठाऊक नाही. शिरपूरच्या त्या घरात संगणक समजणारं कोणीतरी असेल, त्याने ताडपत्री उचलून पाहिली.

आधी योगराजला फोन केला आणि साइट बंद करायला लावली. ती बंद झालेली पाहिली, मग हे लिहायला बसले. योगराज म्हणाला, "मॅडम, नाना म्हणाले दिसायला नको, मी दिसू दिला नाही." त्याने सांगितलेलं काम केलं. त्याला अक्कल कमी पडली, पण वाईट हेतू नव्हता. नवीनने तर काहीच केलेलं नाही. डिंपलवहिनीनेही नाही. त्या दोघांची माफी तुम्हाला मागायची आहे, ती कशी ते तुमचं तुम्ही बघा.

माझीही चूक आहे. धोका दिसत होता, एक पत्र टाकलं आणि पुण्याला निघून गेले. एक फेरी जळगावला मारली असती तर मोहिनीचं हे झालं नसतं. हे मी तुमच्या नावावर टाकणार नाही.

इथपर्यंत कामाचं झालं. आता दुसरं.

ती फाइल उघडल्यावर मी इतरांचे शेरे वाचले नाहीत. मोहिनीचा वाचला, खात्री करायची होती. आणि एक स्वतःचा. तुम्ही दाखवला नसतात. तो इथे उतरवते, तुम्हाला पाठ असेलच.

"२८७. दिपमाला. भाची. हुशार, कमावती. साखरपुडा मोडला. कारण नीट कळले नाही. मुलाकडचे म्हणतात मुलगी हट्टी. नात्यातली म्हणून सूट नको. विचारल्यास: सबुरीने घ्या."

नऊ वर्षं, नानामामा. चौकशी यायची, आई पोह्यांचा, शिऱ्याच्या रवा-साखरेचा अंदाज घ्यायची, आणि मग गप्प. आईला वाटायचं पत्रिका जड आहे. मला वाटायचं माझं कॉम्प्युटरचं काम त्यांना पसंत नाही. तुम्ही दर भाऊबीजेला इथे जेवून जायचात, माझ्या हातची भरीत-पुरी वाखाणायचात, आणि घरी जाऊन कोणी विचारलं की कपाट उघडून सांगायचात, सबुरीने घ्या.

मला लग्नाचं दुःख नाही. माझं बरं चाललं आहे. पण "कारण नीट कळले नाही" असं तुम्ही लिहिलंत. कळायला काय करावं लागलं असतं? मुलाकडच्यांना विचारलंत. मी तुमच्यासमोर वाढत होते. मला एकदा तरी विचारलंत का?

लायब्ररी की फ्रेमवर्क, हा तुमचा प्रश्न होता. आता पूर्ण उत्तर देते. नवीनचं ऐकलं असतंत तर शेरे कुलपात राहिले असते. मोहिनीचं साखरपुड्याचं ताट परत गेलं नसतं. पण माझा शेरा कुलपात राहूनच नऊ वर्षं काम करत होता. तो कोणी चोरायचीही गरज पडली नाही.

ते पाकीट फोडा.

दिपमाला


पिंप्राळा
२१ डिसेंबर २०२४

चि. दिपमाला,

तुझं पत्र शनिवारी दुपारी मिळालं. मी ते अंगणात उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. मग कपाट उघडून नवीनचं पाकीट फोडलं. त्यात एकच पान होतं, ते तुला उतरवून देतो, म्हणजे मी काय काय न वाचता ठेवलं ते तुला कळेल.

"नाना, योगराजची पद्धत वाईट नाही, पण तुमच्या फाइलमध्ये शेरे असतील तर ते सगळ्यांना मिळतील, दिसले नाहीत तरी. मिटिंगमध्ये बोललो नाही, कारण बोललो असतो तर असे शेरे आहेत हेच सगळ्यांना कळलं असतं. काम मला नको. एवढा रकाना काढून मग फाइल द्या. नवीन."

काम मला नको, असं लिहून दिलं होतं पोराने. आणि मी ते पुरावा म्हणून तारीख टाकून ठेवलं.

रविवारी मिटिंगमध्ये अर्ज दिला, पण दुसरा. सूचीच्या कामातून मला मोकळं करा, असा. कारण विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, नवीनचं पत्रही पूर्ण वाचून दाखवलं, या वेळी शेवटपर्यंत. सुकदेवराव जागे होते. तोताराम उठून माझ्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडे बसला. चाळीस वर्षांचा मित्र आहे. नवीन बाहेर जिन्यात थांबला होता. मी त्याच्यापुढे हात जोडले तर त्याने माझे हात धरले आणि म्हणाला, "नाना, आधी जामनेरला जाऊन या."

गेलो. पुष्पाबाईंनी दार उघडलं आणि आत निघून गेल्या. मोहिनी बाहेर आली, तिनेच बसायला सांगितलं. मी जे घडलं ते सांगितलं, काही झाकलं नाही. ती म्हणाली, "मला वही पाहायची आहे." मी सोबत नेली होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी ती दुसऱ्याच्या हातात दिली, तिचं पान उघडून. तिने वाचलं आणि म्हणाली, "नाना, आजाराच्या तीन ओळी आहेत आणि बरी हा एक शब्द. मी सहा महिने एक गोळी चुकवली नाही. डॉक्टरांनी कागद दिलाय. शिरपूरच्यांना मी हे स्वतः सांगणार होते, साखरपुड्याआधी. तुमच्या वाक्याने ते माझ्याआधी सांगितलं आणि लपवल्यासारखं सांगितलं."

मी म्हटलं, बेटा, ते लोक परत येतील असं काही करू का? ती म्हणाली, "नको. असं वाचून जे गेले ते राहू द्या." पुष्पाबाई शेवटपर्यंत बाहेर आल्या नाहीत. निघताना आतून आवाज ऐकला, मोहिनी आईला म्हणत होती, चहा टाक. मी थांबलो नाही. तो चहा मी कमावलेला नव्हता.

घरी आल्यावर डिंपलला म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "नाना, मी स्वयंपाकघरातून ऐकते कारण तुम्ही फार मोठ्याने बोलता." मग खोडरबर आणून दिलं. चार दिवस मी शेरे खोडतोय. पेन्सिलीचं आहे म्हणून निघतं, पण दाबून लिहायची सवय, खूण राहते. खोडताना एकेक वाचावा लागतो. बहुतेक शेऱ्यांत मी ज्याच्याबद्दल लिहिलं तो माणूस सोडून बाकी सगळ्यांना विचारलेलं दिसतं. स्टोअरमध्ये मालाला विचारायची पद्धत नसते. मी माणसांना तीच पद्धत लावली.

एकच शेरा ठेवला आहे, २८७. तो मी खोडणार नाही. माझ्या हाताने खोडला तर सोपं होईल. तो तू खोड.

रविवारी, २९ तारखेला, सकाळच्या गाडीने धुळ्याला येतो. कमलला काही सांगू नकोस, म्हणजे सांग, ती वाचेलच. नऊ वर्षांपूर्वी काय झालं होतं ते मला सांग. मी फक्त ऐकायला येतोय. पेन्सिल घरी ठेवून येतो.

तुझा नानामामा

पाकिटावर सही केलेली नाही.


देवपूर, धुळे
२४ डिसेंबर २०२४

ती. नानामामा,

या. आईने वाचलं आहे आणि ती रडली आहे, तेव्हा तो भाग आटोपला. भरीत करते.

कारण आधीच लिहून ठेवते, नाहीतर जळगाव ते धुळे वाटेत तर्क करत बसाल. साखरपुडा मी मोडला होता. तो मुलगा दर रविवारी भेटायला यायचा आणि माझा फोन मागून घ्यायचा, कोणाकोणाशी बोलले ते पाहायला. सहाव्या रविवारी मी दिला नाही. तो चिडला, मी अंगठी काढून दिली. बाहेर त्यांनी हट्टी म्हणून सांगितलं. ते खरंच आहे. तेवढं तुमच्या वहीत बरोबर होतं.

तो माणूस वाईट नव्हता. संशयी होता. तुमच्याशी त्याचं चांगलं जमलं असतं.

येताना वही आणि खोडरबर दोन्ही आणा. नवीनला विचारा, त्यालाही यायला जमेल का. समिती त्याला नवी सूची फ्रेमवर्कमध्ये करायला सांगते आहे असं योगराजकडून कळलं. खिडकी, कुलूप, रजिस्टर सगळं तो नीट करेलच. मला त्याच्याशी फक्त शेऱ्यांच्या रकान्याबद्दल बोलायचं आहे. तो ठेवायचाच झाला तर माझी एक अट आहे. त्यात लिहायचं ते ज्याचं त्याने स्वतः लिहावं.

दिपमाला